एकटेपणाचे बघे

बोटीवरच्या उपाहारगृहात एक गृहस्थ मेले आहेत. फरशीवर उताणे पडले आहेत, गणवेशातली माणसं भोवती उभी आहेत, जे करण्यासारखं होतं ते सगळं करून झालेलं आहे. गल्ल्यावरच्या बाईंपुढे मात्र निराळाच पेच आहे. या गृहस्थांनी मरण्यापूर्वी कोळंबीचं सँडविच आणि बिअर घेतली होती आणि, सभ्य माणूस असल्यामुळे, पैसेही चुकते केले होते. आता या ताटाचं करायचं काय? एकदा विकलेली वस्तू पुन्हा विकणं नीतीत बसत नाही आणि अन्न टाकून द्यायला जीव होत नाही. तेव्हा त्या जमलेल्या लोकांना विचारतात, कुणाला हवं आहे का, फुकट आहे. थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. मृताचा मान राखायला पुरेशी व्हावी इतकी शांतता पाळून झाल्यावर एक जण हळूच सुचवतो, की बिअर आपण घेऊ शकू.

स्वीडिश दिग्दर्शक रॉय अँडरसन यांच्या २०१४ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. चित्रपटाचं नाव ‘अ पिजन सॅट ऑन अ ब्रांच रिफ्लेक्टिंग ऑन एक्झिस्टन्स’. तिकिटाच्या खिडकीशी हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत मागची रांगही अस्तित्वाचं चिंतन करू लागेल, म्हणून आपण त्याला नुसतं ‘कबुतर’ म्हणू. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. ब्रॉयगेलचं एक चित्र आहे, १५६५चं. बर्फातून दमलेले शिकारी गावाकडे परतताहेत आणि वर निष्पर्ण फांद्यांवर काही पक्षी बसले आहेत. खालच्या माणसांची ही लगबग बघून त्या पक्ष्यांच्या मनात काय येत असेल, या विचारातून चित्रपटाचं नाव सुचलं. मला या पक्ष्यांचं काम हेवा करण्यासारखं वाटतं. खाली उतरायचं नाही, मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. मान थोडी तिरपी करून बघायचं, बस. आणि या दिग्दर्शकाचे चित्रपट जितके अधिक बघावेत तितकं जाणवत जातं, की त्यात असे पक्षी फांद्यांवर कमी आणि दारांत, खिडक्यांत, जिन्यांवर, दुकानांच्या कोपऱ्यांत जास्त आहेत. फक्त त्यांनी कोट घातलेले आहेत.

स्वीडनचं एकटेपण आपल्याकडे आलं ते अर्थात दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या हातून. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांमधून ज्यांनी ते पाहिलं ते बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नसत, आणि बसच्या रांगेतही देवाच्या मौनावर विचार करत उभे राहत. त्या एकटेपणाचा रुबाबच तसा होता. ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) मधले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डॉक्टर इसाक बोर्ग मानाची पदवी घेण्यासाठी स्टॉकहोमहून लुंडला मोटारीनं निघतात आणि वाटेत त्यांना स्वप्नं पडत राहतात. एका स्वप्नात त्यांची परीक्षा होते. सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगतात तर त्यांना स्वतःचाच डोळा दिसतो. डॉक्टर म्हणून ते नापास होतात, माणूस म्हणून तर होतातच. मग ते विचारतात, शिक्षा काय? परीक्षक एखाद्या जुन्या कारकुनाच्या सवयीनं सांगतो, की नेहमीचीच असेल: एकटेपण. दयेचा अर्ज करता येईल का, तर ते आपलं खातं नव्हे. हे ‘नेहमीचीच’ मला फार आवडतं. जगातला सगळा विषाद एका शब्दात दप्तरी दाखल करून टाकला आहे.

बोर्गची भूमिका केली ती व्हिक्टर स्योस्ट्रोम यांनी. ते स्वतः स्वीडिश मूकपटांचे मोठे दिग्दर्शक. १९२१चा ‘द फँटम कॅरेज’ त्यांचाच, आणि त्या चित्रपटाची बर्गमनवर आयुष्यभर मोहिनी होती. वय सत्त्याहत्तर, प्रकृती नाजूक. चित्रीकरण काहीही असो, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला घरी पोचून व्हिस्कीचा पेला हातात आला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. चित्रपटाच्या शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश येतो, एका क्षमेसारखा, तो टिपायला बर्गमनला मावळतं ऊन हवं होतं, आणि मावळतं ऊन नेमकं व्हिस्कीच्या वेळेवर येत होतं. म्हातारबुवा बरेच कुरकुरले, मग कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले, आणि चेहरा उजळला. अभ्यासक त्या चेहऱ्यात आयुष्याशी झालेला समेट बघतात. मलाही तो दिसतो. पण तो समेट घरच्या पेल्यापर्यंत पोचायला उशीर झालेल्या माणसानं दिलेला आहे हे कळल्यापासून मला तो जास्त खरा वाटतो.

बर्गमनचं सगळं लक्ष चेहऱ्यावर. कॅमेरा इतका जवळ, की पापणीचीही नाट्यमय घटना व्हावी. ‘पर्सोना’मध्ये (१९६६) दोन बायकांचे अर्धे-अर्धे चेहरे जोडून एकच चेहरा करण्यापर्यंत ती जवळीक गेली. एकटेपण असं जवळून पाहिलं की ते भव्य होतं. त्याला समुद्रकिनारा लागतो, बाखचं संगीत लागतं, आणि शक्यतो एक बेट लागतं. बर्गमनला ते मिळालंही. फोरो नावाच्या बाल्टिक समुद्रातल्या बेटावर तो राहिला, तिथल्या एका जुन्या कोठाराचं त्यानं छोटं चित्रपटगृह केलं आणि रोज दुपारी तीनला तिथे तो चित्रपट बघत असे. २००७ साली तो त्याच बेटावर वारला. एकटं राहावं तर असं, असं कधी कधी मनात येतं. पण कोठार, बेट आणि तीनची वेळ पाळणारा प्रोजेक्टर सगळ्यांच्या नशिबी कुठला? बाकीच्यांना आपलं एकटेपण भाड्याच्या खोलीत, दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात, नाहीतर बसमध्ये उभ्यानं पार पाडावं लागतं.

त्या बाकीच्यांचा दिग्दर्शक म्हणजे अँडरसन. जन्म १९४३, गोथेनबर्ग. स्टॉकहोमच्या चित्रपटशाळेत शिकत असताना तिथे वरिष्ठ देखरेखीला बर्गमन होता. विद्यार्थी डाव्यांचे मोर्चे चित्रित करत फिरतात म्हणून त्यानं बोलावून तंबी दिली होती, की हे असंच चाललं तर मोठा चित्रपट करायला मिळायचा नाही, अशी आठवण अँडरसन सांगत आले आहेत. १९७०मध्ये पहिला चित्रपट आला. कोवळ्या प्रेमाची गोष्ट, लोकांना आवडली, बर्लिनला बक्षिसं. १९७५मध्ये दुसरा आला, ‘गिलियाप’, आणि तो असा आपटला की तिसऱ्यापर्यंत पंचवीस वर्षं गेली. ती वर्षं त्यांनी जाहिराती करण्यात काढली, शेकडो जाहिराती. आणि या जाहिराती जगात सर्वोत्तम आहेत, असा निर्वाळा बर्गमननंच दिला म्हणतात. एवढ्या थोर माणसाकडून जाहिरातींचं कौतुक होणं हा सन्मान होता की जुन्या तंबीचंच पुढचं वाक्य, कोण जाणे. जाहिरातींच्या कमाईतून १९८१ साली त्यांनी स्टॉकहोममध्ये स्वतःचा स्टुडिओ उभा केला, ‘स्टुडिओ २४’, आणि मग रस्ते, स्थानकं, बार, पाऊस हे सगळं आत बांधायला घेतलं. खिडकीबाहेर दिसणारं शहर बऱ्याचदा रंगवलेलं असतं. एकेका दृश्याला आठवडेच्या आठवडे लागत.

या काळात त्यांनी एक गोष्ट सोडून दिली: चेहऱ्याजवळ जाणं. कॅमेरा खोलीच्या या टोकाला मांडला की मांडला. मग समोर कुणी मरो, रडो, कुणाची नोकरी जावो, तो जागचा हलत नाही. पुढचा प्रसंग येईपर्यंत एकच सलग दृश्य. प्रकाशही असा, की कुणाची सावलीच पडू नये. लपायला जागा राहू नये म्हणून तो त्यांनी मुद्दाम निर्दय ठेवला आहे. भिंतींचा रंग पत्राला उत्तर न आलेल्या दिवसांसारखा. माणसं बहुतेक नट नसलेली, चेहऱ्यांवर पांढरा थर. आणि मागे, दूरवर, एखादं दार अर्धवट उघडं.

‘साँग्ज फ्रॉम द सेकंड फ्लोअर’ (२०००) मध्ये तीस वर्षं नोकरी केलेला एक माणूस साहेबांच्या पायाला मिठी मारून, कार्यालयाच्या लांबलचक बोळातून फरफटत चालला आहे. काढू नका हो, म्हणून विनवतो आहे. साहेब पाय सोडवायचा प्रयत्न करताहेत. आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना दारं किंचित उघडलेली आहेत. फटींतून सहकारी बघताहेत. कुणी बाहेर येत नाही. कॅमेरा जवळ गेला असता तर या माणसाचे अश्रू दिसले असते आणि आपण रडलो असतो. तो लांब राहिला म्हणून दारं दिसली. हसू येतं ते त्या दारांमुळे, आणि हसता हसता लक्षात येतं, की या बोळात आपलंही एक दार आहे आणि ते नेमकं कॅमेऱ्याच्या जागी उघडतं.

याच चित्रपटात काल्ले नावाचे गृहस्थ आहेत. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून त्यांनी आपलं फर्निचरचं दुकान जाळलं आहे. काजळी माखलेल्या चेहऱ्यानं ते भुयारी रेल्वेतून घरी निघतात तेव्हा डब्यातले सगळे उतारू एकाएकी धीरगंभीर समूहगान गाऊ लागतात. काल्ले यांना ते ऐकू येतं की नाही, कळत नाही. त्यांचं खरं दुःख दुकानाचं नाहीच. थोरला मुलगा वेड्यांच्या इस्पितळात आहे, एक शब्द बोलत नाही. कारण? वडील भेटेल त्याला सांगतात: कविता लिहून लिहून वेडा झाला. निदान पूर्ण करताना त्यांच्या आवाजात दुःख आहे, संतापही आहे आणि थोडा, अगदी थोडा, अभिमानही आहे की काय अशी मला शंका आहे. मराठी माणसाला इथे जरा अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडे कविता लिहून कुणाला वेड लागल्याचं फारसं ऐकू येत नाही. लागलं तर ऐकणाऱ्याला. त्या मुलाच्या शेजारी इस्पितळात बसून धाकटा भाऊ त्याच्याच कवितेच्या ओळी हळूहळू म्हणतो. पेरूचा कवी सेझार व्हायेहो याला हा चित्रपट अर्पण आहे, आणि त्या ओळींमागे तोच आहे. जो नुसता बसला आहे, ज्याचं बोट दारात चेंगरलं आहे, अशांवर माया करणारा कवी. वडिलांना ते सहन होत नाही. त्यांना दरवेळी इस्पितळातून आवरून बाहेर न्यावं लागतं. भोवती माणसं असतात, अर्थातच, आणि बघत असतात.

चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे बघे ओळखीचे वाटतात आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. चाळीतही कुणाच्या घरात भांडण झालं की सगळी दारं उघडतात. पण तिथला बघ्या दाराच्या फटीत राहत नाही. तो पायरी उतरतो, काय झालं विचारतो, न विचारताही आत येतो, दोन्ही बाजूंना समजावतो, चहा घेतो आणि भांडण दुप्पट करून परत जातो. अँडरसनचा बघ्या विचारतच नाही. तो निर्दय आहे म्हणून नव्हे, शिष्ट आहे म्हणून. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसणं बरं नव्हे, एवढं चांगलं वळण त्याला लागलेलं आहे. एकट्या माणसाच्या घरांचं प्रमाण युरोपात जिथे सर्वांत जास्त आहे अशा देशांत स्वीडन मोडतो, आणि हे काही हलगर्जीपणानं घडलेलं नाही. १९७२मध्ये तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या स्त्री संघटनेनं भविष्यातल्या कुटुंबाबद्दल एक जाहीरनामा काढला होता. पैशासाठी कुणी कुणावर अवलंबून राहू नये, बायकोनं नवऱ्यावर नाही, म्हाताऱ्यांनी मुलांवर नाही, असं त्याचं उदात्त सूत्र होतं. ते बऱ्याच अंशी खरंही झालं, आणि त्याबद्दल कितीतरी बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. १९८५मध्ये याच पक्षाच्या निवडणुकीसाठी अँडरसनांनी एक जाहिरातपट केला. त्यात कुणी कुणाची पर्वा करत नाही असा समाज दाखवून शेवटी प्रश्न केला आहे, आपण एकमेकांची काळजी तरी कशाला घ्यावी? मतं मागायची ही पद्धत मला अजब वाटते. उमेदवारानं दार वाजवावं आणि आपल्याला रडू कोसळेल असं काहीतरी विचारून निघून जावं.

मात्र अँडरसनांची माणसं दुःखातही जेवणाची वेळ विसरत नाहीत, आणि इथेच माझा त्यांच्यावर जीव जडतो. ‘यू, द लिव्हिंग’ (२००७) मध्ये बागेतल्या बाकावर एक धिप्पाड बाई रडते आहे. मला कुणी समजून घेत नाही, तुम्ही दोघं चालते व्हा. दोघं म्हणजे तिचा मित्र आणि तिचा कुत्रा. मित्र समजूत घालून थकतो आणि जाता जाता सांगतो, की रात्री भाजलेलं मांस आहे. जगाशी कायमचं नातं तोडून बसलेली बाई क्षणभर थांबते आणि म्हणते, कदाचित येईन नंतर. त्याच चित्रपटातला एक मानसोपचारतज्ज्ञ कॅमेऱ्याकडे बघून आपल्याला सांगतो, की सत्तावीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकून आपण थकलो. स्वार्थी माणसांना सुखी करणं आपल्याच्यानं होत नाही. आता नुसत्या गोळ्या लिहून देतो, जितक्या जालीम तितक्या बऱ्या. मग एक मुलगी एकाएकी आपल्याकडे वळून आपलं स्वप्न सांगते. आवडत्या गिटारवादकाशी तिचं लग्न झालं आहे, ती नववधूच्या वेषात, तो शेजारी गिटार वाजवतो आहे, आणि त्यांचं घर हळूहळू आगगाडीसारखं चालू लागलं आहे. खिडकीबाहेर एक स्थानक येतं. फलाटावर अनोळखी माणसांची गर्दी. ती सगळी खिडकीशी येतात, त्यांचं अभिनंदन करतात, त्यांच्यासाठी गातात. अँडरसनांच्या साऱ्या चित्रपटांतले बघे जणू इथे एकदाच वऱ्हाडी होतात. अर्थात स्वप्नात. खऱ्या आयुष्यात तो गिटारवादक तिला एकदा भेटून हरवलेला आहे.

बघ्यांची दुसरी, भयाण बाजूही त्यांनी लपवलेली नाही. १९९१च्या त्यांच्या एका लघुपटाच्या सुरुवातीलाच नग्न माणसं एका बंद ट्रकमध्ये कोंबली जातात, धुराची नळी आत जोडली जाते आणि ट्रक मैदानात फिरू लागतो. सभ्य कपड्यांतली माणसं उभी राहून बघताहेत. त्यातला एक वळून आपल्याकडे पाहतो. इथे हसण्यासारखं काहीच नाही. ‘कबुतर’मध्येही तांब्याच्या एका अजस्र पिंपात गुलाम माणसांना जाळलं जातं आणि म्हातारी श्रीमंत मंडळी मद्याचे पेले घेऊन ते बघायला येतात. नंतर कळतं, की हे सगळं योनाथनच्या मनात आलं. हा योनाथन आणि त्याचा जोडीदार सॅम, दोघं फिरते विक्रेते. माल काय, तर जास्तीच्या लांब सुळ्यांचे व्हँपायरचे दात, हसणारी पिशवी आणि एकदंत काकांचा मुखवटा. लोकांना मजा यावी, एवढंच आपलं काम, असं ते प्रेतयात्रेच्या स्वरात सांगतात. कुणी काही घेत नाही. राहतात एका कोंदट वसतिगृहात. तिथे मध्यरात्री योनाथन बोळात येऊन विचारतो, केवळ आपल्या सुखासाठी माणसाला वापरून घेणं बरोबर आहे का? त्यावर रखवालदार त्याला दटावतो, की ही वेळ तत्त्वज्ञानाची नव्हे, लोकांना सकाळी कामावर जायचं आहे. रखवालदाराचं चुकत नाही. लोकांना सकाळी कामावर जायचंच असतं.

या चित्रपटात आणखी एक गंमत आहे. निरनिराळी माणसं निरनिराळ्या ठिकाणी टेलिफोन कानाला लावून उभी असतात आणि एकच वाक्य बोलतात: तुमचं बरं चाललंय हे ऐकून आनंद झाला. पलीकडच्याला नीट ऐकू येत नसावं, कारण वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. बोलणाऱ्याचं स्वतःचं काही बरं चाललेलं नाही हे आपल्याला दिसत असतं. तरी मला हे वाक्य खोटं वाटत नाही. दुसऱ्या कुणाचं तरी बरं चाललंय, ही खबर पक्की करून घेतल्याशिवाय त्यांना फोन खाली ठेववत नाही.

‘अबाउट एंडलेसनेस’ (२०१९) मध्ये बसमधला एक माणूस रडतो आहे. आपल्याला काय हवंय तेच कळत नाही, म्हणतो. दुसऱ्या एका उतारूला ते आवडत नाही. दुःख करायचं तर घरी का करत नाही हा, असं त्याचं म्हणणं. एक बाई विचारते, का, दुःखी व्हायला बंदी आहे का? उतारूचा मुद्दा इतकाच, की चारचौघांत नको. इतके दिवस फटीतून बघणारी माणसं इथे निदान वादाला उभी राहिली आहेत. याच चित्रपटात धो धो पावसात एक बाप वाढदिवसाला निघालेल्या छोट्या मुलीच्या बुटाची नाडी बांधायला वाकतो. छत्री खाली ठेवावी लागते, ती वाऱ्यानं उडते, तो भिजत राहतो आणि गाठ मारतो. कॅमेरा नेहमीसारखाच लांब. दिग्दर्शकानं हा एक प्रसंग सोडून बाकी काही केलं नसतं तरी मला चाललं असतं.

पण ‘कबुतर’चा शेवट बसथांब्यावर होतो. काही माणसं उभी आहेत. एक जण शंका काढतो, आज बुधवार आहे का? बाकीचे सांगतात, हो, बुधवार. त्याला तर गुरुवारसारखं वाटत होतं. यावर रीतसर चर्चा होते. काल मंगळवार होता, उद्या गुरुवार येईल, तेव्हा आज बुधवारच. गुरुवार असा वाटून चालत नाही. वार कोणता ते सगळ्यांनी मिळून लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर गोंधळ माजेल. एकमेकांना न ओळखणारी माणसं इतक्या आपुलकीनं इतका वेळ बोलताना या चित्रपटात क्वचितच दिसतात. माझी सहानुभूती त्या गृहस्थाकडे आहे. आपल्याला गुरुवार वाटतो आहे आणि भोवती सगळ्यांचा बुधवार चालू आहे, ही अवस्था काही सोपी नव्हे. पण तो हट्ट धरत नाही. इतकी माणसं समजावताहेत म्हटल्यावर मान हलवतो, आणि बुधवार बहुमतानं मंजूर होतो.